हिरव्या दिव्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एका भयपटात काम केलं आहे, आणि तेही ऐंशी मिनिटं. त्यातली नायिका तुम्हाला जेवढा वेळ दिसते, तेवढा वेळ ती माझ्याच डोळ्यातून दिसते. मी एक जुना वेबकॅम आहे. लिंबाएवढा, गोल, संगणकाच्या डोक्यावर चिमट्याने बसणारा.

कारखान्यात शेवटच्या टेबलावरच्या बाई आम्हाला एकेक करून जोडून पाहत. भिंगाशेजारचा हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर चेहरा उमटला, की त्या पाठीवर शिक्का मारत. माझा दिवा आणि माझी नजर एकाच तारेवर चालतात. दिवा लागल्याशिवाय मी पाहूच शकत नाही. चोरून पाहणं माझ्या घडणीतच नाही, याचा मला अभिमान आहे.

पहिली सात वर्षं मी एका आजींकडे होतो. त्यांचे जावई परदेशी नोकरीला होते. नात तीन वर्षांची, गोल आणि चकचकीत, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. ती रोज माझ्यासमोर बसून बाबांना गुडघ्यावरची खरचटलेली जागा दाखवी. आजींनी तिला शिकवलं होतं, "हिरवा दिवा दिसला की बाबा बघतायत. नाही दिसला की नाही." पुढे बाबा परत आले आणि मी खणात गेलो. वाळलेली पेनं आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्या यांच्या संगतीत चार वर्षं काढली.

मला बाहेर काढलं बटणच्या मावशीने. ती चित्रपट करते. अनोळखी माणसांशी व्हिडिओवर गप्पा मारणाऱ्या एका मुलीची गोष्ट तिला सांगायची होती. त्या मुलीच्या संगणकात सापडलेलं चित्रण, एवढाच सगळा चित्रपट. नवे कॅमेरे लावून पाहिले, पण मावशी म्हणाली, हे टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं दिसतंय. मग तिने मला जोडलं. माझं चित्र दाणेदार, अंधारात चाचपडणारं. ती खुर्चीत मागे सरकली आणि म्हणाली, "हाच. याच्यातून रिकामी खोलीसुद्धा भरलेली वाटते." चार वर्षं खणात पडलेल्याला आणखी काय हवं?

नायिका होती बटणच. आता चौदा वर्षांची, चष्मा लावणारी. त्या काचांत माझा दिवा चमकायचा, म्हणून लाइटमनकाकांनी त्यावर काळी पट्टी चिकटवली. मला ते खुपलं. पण बोलायला माझ्याजवळ तो दिवाच होता.

मावशीची एक पद्धत होती. सकाळी संगणकाच्या पडद्याचं आणि माझ्या चित्राचं रेकॉर्डिंग सुरू केलं, की संध्याकाळपर्यंत थांबवायचं नाही.

एका दुपारी सगळे जेवायला गेले. बटण डबा घेऊन संगणकापाशीच बसली आणि तिने त्यावरूनच आपल्या मैत्रिणीला फोन लावला. चार महिन्यांची ऑनलाइन ओळख, पण मैत्रिणीचा कॅमेरा कायम बिघडलेला. चित्रपटातल्या खलनायकाची चौकटही काळीच होती. पण तो सिनेमातला आणि ही आपली, असं बटणला वाटे.

तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं. हिरवं काही दिसलं नाही. तिने स्वतःकडेच पाहत बसू नये म्हणून तिला दाखवणारी चौकट चित्रणासाठी लपवलेली होती. कॅमेरा बंद आहे असं समजून ती निवांत जेवत, पाय हलवत बोलत राहिली. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली, "निळा सदरा छान दिसतो तुला."

बटणचा घास हातातच राहिला. पुढची ओळ आली. घरी सांगितलंस, तर तुझी ही चित्रं सगळ्या शाळेला पाठवीन.

तिने नखाने पट्टी ओरबाडून काढली. माझा दिवा जळत होता. तिने माझी तार उपसली.

सगळे परतले, तेव्हा ती डबा आवरत मनाशी हिशेब करत होती. सांगितलं तर चित्रपट बंद पडेल, मोबाइल काढून घेतील, आणि ती चित्रं शाळेत पोचतील. काकांनी मला पुन्हा जोडलं आणि नवी पट्टी कापली. बटणने माझ्यावर हात ठेवला.

"पट्टी नको."

"अगं, चष्म्यात दिवा दिसतो."

"दिसू दे."

मावशीने कारण विचारलं. बटणने माझ्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मावशी, मघाशी कोणीतरी मला खरंच बघत होतं."

मावशी रागावली नाही. शेजारी खुर्ची ओढून बसली आणि सगळं ऐकून घेतलं. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ओळ होती. ते त्याच दुपारी पोलिसांकडे गेलं आणि महिन्याभरात ती मैत्रीण पंचेचाळीस वर्षांचा पुरुष निघाली. चित्रं कुठेही पोचली नाहीत. लाइटमनकाकांनी पट्टीचं अख्खं रीळ कचऱ्यात टाकलं.

चित्रपट पूर्ण झाला. आधीची दृश्यं पुन्हा चित्रित केली, पट्टीशिवाय. चष्म्यात दोन हिरवे ठिपके आहेत, शेवटपर्यंत. शाळांमध्ये तो दाखवतात, तेव्हा मुलं आधी त्या ठिपक्यांबद्दलच विचारतात, आणि उत्तर बटण देते. मी मावशीच्या कपाटावर बसतो. धूळ रोज पुसली जाते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझं कोणी भावंड असेल. काम संपलं की त्याच्या डोळ्यावर झाकण घाला, आम्हाला राग येत नाही. दिवा मात्र झाकू नका. आणि कधी भीती वाटलीच, तर बटणने केलं तेच करा. शेजारी खुर्ची ओढून बसेल अशा माणसाला सांगा.