अनुभवाचा दाखला

सासऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात ती अकरा वर्षं राबत होती. मेकॅनिक तिला वहिनी म्हणायचे, गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणायची. त्यामुळे बायोडेटात ‘सध्याचे पद’ यापुढे काय लिहायचं, इथेच तिची गाडी अडली. नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची पावती नाही. घरच्या माणसाला कागद कशाला, असं सासरे म्हणत. घरच्या माणसाला सुट्टीही नसते, हे मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

छळ म्हणावा तर तोही नव्हता, हीच तर पंचाईत. सगळे गोडच बोलायचे. पण दुकानात तीच माणसं, घरी तीच माणसं, आणि जेवतानाही कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेच बोलणं. तिचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

नणंद एका कंपनीत नोकरभरतीचं काम करायची. तिने वहिनीचा पहिला बायोडेटा वाचला आणि सरळ फाडला.

“मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ. अगं वहिनी, असले गठ्ठे माझ्या टेबलावर रोज पडतात. तू काय केलंस ते लिही. आकड्यात लिही.”

मग दोघी बसल्या. एकशे चाळीस इमारतींच्या तपासणीचं वेळापत्रक. आठ मेकॅनिकांच्या पाळ्या. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर माणूस पोहोचायला पूर्वी तास लागायचा, आता वीस मिनिटं. लिहिता लिहिता वहिनीच थक्क झाली. एवढं सगळं आपण केलं, आणि कुणी साधी दखल घेऊ नये? तिला रडूच आलं. नणंद म्हणाली, रड नंतर, आधी खाली चौकशीसाठी फोन नंबर टाक. वहिनीने सवयीने दुकानाचा टाकला.

मुलाखतीचं बोलावणं आठवड्यात आलं. बारा मजली कार्यालय होतं, देखभाल विभागात पर्यवेक्षकाची जागा. तिथल्या प्रमुख एक बाई होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, मान डोलावली आणि म्हणाल्या, “बसा, तुमच्या मालकांशी दोन शब्द बोलून घेते.” त्यांनी नंबर फिरवला, आणि वहिनीच्या पर्समध्ये फोन खणखणला.

दुकानातून बाहेर पडताना तिथले फोन आपल्या मोबाइलवर वळवायचे, हा तिचा अकरा वर्षांचा शिरस्ता. सकाळी हात आपोआप चालला होता. ती शरमेने लालेलाल झाली. बाई मात्र हसल्या.

“म्हणजे तिकडे फोन उचलायलाही दुसरं कुणी नाही. मला अशीच बाई हवी आहे. फक्त मालकांच्या सहीचा अनुभवाचा दाखला आणा, शुक्रवारपर्यंत. त्याशिवाय वरचे लोक ऐकत नाहीत.”

त्याच संध्याकाळी तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. “तूच लिही, मी सही करतो,” म्हणाले. दुकानातली सगळी पत्रं तीच लिहायची, ते फक्त सही ठोकायचे. तिने दाखला लिहिला. नणंदेची शिकवण पाळून एकही विशेषण घातलं नाही, सगळं जसंच्या तसं, आकड्यानिशी.

सासऱ्यांनी या खेपेला चष्मा लावला. वाचला, परत वाचला. मग तिच्या नवऱ्याला हाक मारली.

“हे बघ. हे सगळं ही करते. तुला माहीत होतं?”

“थोडंफार,” नवरा म्हणाला.

“मला तर काडीचीही कल्पना नव्हती.” म्हाताऱ्याचे डोळे खरोखर पाणावले. एवढं कौतुक तिने त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. तिने पेन पुढे केलं.

“सही कसली?” सासरे म्हणाले. “अशा माणसाला कुणी सोडतं का? मी सोडलं तर उद्या दुकानाला कुलूप लागेल.” त्यांनी दाखल्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता.

“त्या बाईंना कळवून टाक,” सासरे म्हणाले. “तूच बोल. तुला छान बोलता येतं.”

तिने नंबर लावला. सासरे समोर खुर्ची ओढून कौतुकाने ऐकत बसले. सही मिळत नाही, येणं जमणार नाही, असं ती एका दमात म्हणाली. पलीकडून बाई म्हणाल्या, “मला फाइलीत कारण लिहावं लागतं. काय लिहू?”

“लिहा,” ती म्हणाली, “काम चांगलं करते म्हणून.”

सासऱ्यांनी समाधानाने मान हलवली. “बरोबर बोललीस,” ते म्हणाले.