अर्धी टाकी

आमच्या ह्यांना देवाने डोळे दोनच दिले, संशय मात्र हात सैल सोडून दिला. आमची जुनी व्हॅन आमच्या धाड गावाहून बुलढाण्याला सवाऱ्या नेते, आणि ती चालवायचा माझा धाकटा भाऊ गोविंदा. पेट्रोल जरा जास्त लागायला लागलं, तर ह्यांनी आधी गोविंदाकडेच पाहिलं.

"तुह्या भावाचा हात चालून राह्यला टाकीत," मला म्हणाले.

मी भाजीचं पातेलं आपटलं. तेव्हापासून ह्यांचा नवा कायदा: टाकीत एका फेरीपुरतंच पेट्रोल. चोरायला काही उरायलाच नको.

पुढे गाडी नाटकं करू लागली. सेल मारून मारून सुरू व्हायची, चढाला आचके द्यायची. गोविंदा म्हणाला, "दाजी, मांगच्या सीटखालून घूंऽऽ आवाज येते. टाकी अर्धी तरी ठेवत जा."

तो गेल्यावर हे म्हणाले, "पाह्यलं? अर्धी मांगते. काढाले सोपं."

मग ती तापली की बंद पडायची आणि थोडी थंडावली की पुन्हा सुरू व्हायची. ह्यांना पुरावाच मिळाला. "मुद्दाम बंद पाडते. सवाऱ्या दुसऱ्याच्या जीपले देते." स्टँडवर चारचौघांत गोविंदाच्या हातातून किल्ली घेतली. तो माझ्याकडे बघून निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः गाडीवर बसले. तालुक्याला काम होतं म्हणून मीही मागे बसले. मोठ्या चढाला व्हॅन बंद पडली आणि आमच्या सगळ्या सवाऱ्या उतरून दुसऱ्याच्या जीपमध्ये चढल्या. मी म्हटलं, "तुमी मुद्दाम पाडली का?"

टोचन लावून गाडी बुलढाण्याला नेली. गुलाबराव मिस्तरीने मागची सीट उचलून पंप बाहेर काढला.

"पंप गेला, भाऊ. हा टाकीत पेट्रोलात बुडेल असते, त्याच्यातच थंडा राह्यते. तुमी टाकी सुकी ठेवली, हा तापून जळला. अर्धी तरी ठेवत जा."

ह्यांनी आधी मिस्तरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच विचारलं, "हा तुह्या माहेरकडचा तं नाई?"

मला हसू आलं आणि रडूही आलं.

नवा पंप बसला. पहिल्यांदाच टाकी गळ्यापर्यंत भरली. मला वाटलं, माणूस सुधारला. पण समोरच्या दुकानातून ह्यांनी टाकीला कुलपाचं झाकण आणलं, बसवलं आणि दोन्ही किल्ल्या करदोड्याला बांधल्या.

"लाव आता गोविंदाले फोन. उद्यापासून ये म्हना."

"आधी कुलूप काढा."

ह्यांचा हात कमरेवरच राहिला. मी फोन पिशवीत टाकला आणि मागे जाऊन बसले.

धाडपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. हे मात्र आरशातून माझ्याकडेच बघत राहिले.