तिसऱ्या खिडकीजवळचा रुमाल

“‘१९३१. मिशनच्या मडमचे आगमन, बैलगाडीने. साडेतीन तास उशिरा. कारण : बैल.’” खंडारे साहेबांनी कागदावरून मान वर केली. “वानखडे, हा मंडळीचा इतिहास आहे?”

“दोन पानांत बसवाचा होता साहेब,” शरच्चंद्र वानखडे म्हणाले. “म्हनून बैलाचं नाव सोडलं.”

मेहकरच्या बसस्थानकामागच्या लहानशा चर्चमध्ये रविवारची उपासना नुकतीच संपली होती. जिल्ह्यातल्या चर्चच्या बोर्डाचे चेअरमन रेव्हरंड शेखर खंडारे तपासणीला आले होते. बोर्डाचा नियम सरळ होता. उपासनेला आठापेक्षा कमी माणसं असतील, तर ती मंडळी, म्हणजे ते चर्च, बंद. माणसं खामगावच्या मंडळीला जोडायची आणि इमारतीचं काय ते बोर्ड बघेल. इतिहास मागवला होता तो स्मरणिकेसाठी. माणूस जायच्या आधी त्याचा चांगला फोटो काढून ठेवावा, तसा.

शरच्चंद्र पस्तीस वर्षं एसटीत होते, वाहतूक नियंत्रक. म्हणजे खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारणारे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता. मंडळीचे सेक्रेटरी म्हणून ते रविवारच्या सूचना अशा काही द्यायचे, की नवखा पाहुणा पिशवी उचलून दाराकडे निघायचा. इतिहासही त्यांनी त्यांना येत होता त्याच पद्धतीनं लिहिला होता.

“‘१९४७. मडम परत रवाना. पर्यायी व्यवस्था : दौलत खानसामा. उपदेश येत नसल्याने स्वयंपाकाची उदाहरणे. हजेरीत वाढ,’” साहेब वाचत होते. “‘१९७२. दुष्काळ. सर्व फेऱ्या नियमित.’” पुढची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. कागदाची घडी घातली आणि फॉर्म काढला.

बाकांवर शरच्चंद्र धरून सात माणसं होती. आणि एकतीस रुमाल.

एसटीत जागा धरायची तर खिडकीतून रुमाल टाकतात, हे मेहकरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. चर्चमध्ये ही रीत शरच्चंद्रांच्या बायकोनं, स्नेहलताबाईंनी आणली. मुलगा सौमित्र नोकरीला पुण्याला गेला, त्या रविवारी त्यांनी त्याच्या जागेवर रुमाल पसरला. “येईल तो,” एवढंच म्हणाल्या. मग ज्याचं पोरगं नाशकाला, सुरतेला गेलं, त्यानं त्यानं रुमाल आणला. आधी गेलेल्यांचेही मागाहून पडले. चार वर्षांपूर्वी स्नेहलताबाई वारल्या. शरच्चंद्रांनी त्यांच्या जागेवर निळ्या फुलाचा रुमाल पसरला, तेव्हा हा रुमाल नियमात बसतो का, असं कुणी विचारलं नाही. दर महिन्याला मंडळीतल्या पुष्पाबाई सगळे रुमाल धुऊन, इस्त्री करून आणायच्या आणि न चुकता ज्याच्या त्याच्या जागी पसरायच्या. रुमालावर कुणी बसत नसे.

खंडारे साहेब बसले होते. आल्या आल्या, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीजवळ, रुमाल बाजूला सारून. पुष्पाबाई बोलायला उठल्या होत्या, पण शरच्चंद्रांनी त्यांना डोळ्यानं गप्प केलं होतं.

“सात,” साहेब म्हणाले आणि फॉर्मवर पेन टेकवलं.

“आठ,” शरच्चंद्र म्हणाले.

“आठवा कोण?”

“तुम्ही.”

“मी तपासणीला आलोय.”

“तिकीट तपासनारा बी गाडीतच बसते साहेब. गाडी नाल्यात गेली, तं तो काही वरतं लटकून राह्यत नाही.”

“वानखडे, हा विनोदाचा विषय नाही.”

“मी कुठी हासून राह्यलो?”

ते खरंच हसत नव्हते. पस्तीस वर्षांत त्यांनी ‘गाडी रद्द’ हेही हसून सांगितलं नव्हतं आणि रडूनही.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून वच्छलाबाई वळल्या. वय शहाऐंशी. या गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी रविवारच्या शाळेत कान धरून देवाची ओळख करून दिली होती. “काय रे शेखऱ्या,” त्या म्हणाल्या, “इतक्या बाकांत त्याच जाग्यावर काऊन बसला तू?”

“रिकामी होती, बाई.”

“रिकामी नव्हती. धरून ठेवेल होती. तो रुमाल पाह्य.”

साहेबांनी रुमाल उचलला. पिवळट पांढरा, दर महिन्याच्या धुण्यानं कांद्याच्या पापुद्र्यासारखा झालेला. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काढलं होतं, ‘शेखर’. दौलत खानसाम्यानं स्वतः टाकलेला तो रुमाल होता. म्हातारा त्याच्याच शेजारी बसायचा, मरेपर्यंत. इतिहासातली न वाचलेली ओळ अशी होती : ‘१९८६. शेखर दौलत खंडारे, पाळक (पाद्री) होण्यासाठी रवाना. परतीची वेळ : कळवलेली नाही.’

“चाळीस वर्सं लेट,” शरच्चंद्र म्हणाले. “पन गाडी लागली. आठ लिवा.”

साहेबांचा अंगठा त्या लाल दोऱ्यावरून फिरला. बाहेर स्थानकावर कुठलीशी गाडी पुकारली गेली. आवाज नवा होता. शरच्चंद्रांनी सवयीनं तोंड वाकडं केलं.

“नियमात बसत नाही,” शेवटी साहेब म्हणाले. त्यांनी सात लिहिलं, सही केली, फॉर्म पुढे केला.

“सेक्रेटरीची सही.”

“गाड्या मार्गावर असताना डेपो बंद झाल्याची सही मी करत नसतो.”

साहेब बिनसहीचा फॉर्म घेऊन निघाले. ते गेल्यावर पुष्पाबाईंनी रुमाल मोजले. तीस भरले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मंडळी बंद. दार कायम कुलूपबंद ठेवावे. किल्ली रजिस्टर पोस्टाने बोर्डाकडे पाठवावी. खाली खंडारे साहेबांची सही.

एसटीच्या माणसाला लेखी हुकूम मोडवत नाही. शरच्चंद्रांनी दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली पोस्टानं रवाना केली आणि पावती डायरीत ठेवली. मग ते समोरच्या इंद्रभान सुताराकडे गेले.

“कुलूप तोडाचं हाय का?” इंद्रभाननं हातोडी उचलली.

“कुलुपाले हातही लावाचा नाही. दार काढाचं हाय.”

“दारच काढाचं, तं कुलूप काऊन लावलं भाऊ?”

“पत्रात लिवलं हाय.”

इंद्रभाननं विचार केला. “सरकारी हाय का पत्र?”

“नाही. चर्चचं.”

“मंग पोलीस नाही येत,” तो म्हणाला आणि बिजागऱ्यांना तेल सोडायला लागला.

रविवारी सकाळी दाराच्या दोन्ही फळ्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. मधोमध कडी आणि कडीला कुलूप. दार हुकुमाप्रमाणे पक्कं बंद होतं. ते फक्त चर्चला नव्हतं.

“आता आपल्याले कोनी बंद कसं करन?” वच्छलाबाई उघड्या चौकटीतून आत आल्या. त्यांना हे फारच आवडलं होतं.

पुष्पाबाई मात्र रुमालांची थप्पी छातीशी धरून उभ्या होत्या. “पन दादा, दार नाही, कुनी रुमाल नेले तं?”

“जो नेईल, त्याच्या नावाचा टाकू.”

साडेनऊ झाले. सात माणसं जमली. तीस रुमाल पसरून झाले. शरच्चंद्र समोर उभे राहिले, घसा साफ केला आणि कुंपणापलीकडच्या स्थानकावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कृपया इकडे लक्ष द्या. उपासना वेळेवर सुटेल.” स्थानकावरच्या दोन-चार उतारूंनी खरंच वळून पाहिलं.

मग सुरुवात करायचं सोडून ते खाली उतरले. डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी गेले. तिथली जागा उघडी होती. त्यांनी खिशातला स्वतःचा रुमाल काढला, झटकला, बाकावर पसरला आणि चारी कोपरे सरळ केले.

त्या दिवशी ऊन फार होतं. उपासनाभर ते घाम बाहीला पुसत राहिले.