पित्ताचा चमचा

मी एक चमचा बोलतोय. हसलात ना? साहेबांच्या मागेपुढे करणाऱ्यांना माणसांनी माझं नाव देऊन ठेवलंय, त्याला माझा इलाज नाही. मी मात्र उभ्या जन्मात कुणाची हांजी हांजी केली नाही. पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात, पुस्तकं दाबून ठेवायच्या लोखंडी यंत्राशेजारच्या खणात मी तीन पिढ्या काढल्या.

सहा जणांच्या संचातला मी एकटाच उरलोय. थोरल्यांनी, म्हणजे कारखान्याच्या पहिल्या मालकांनी, मला घालून खळीच्या डब्याचं झाकण उचकटलं, तेव्हापासून माझी मान वाकडी आहे. पण काय दिवस होते ते! सकाळी खळ शिजायची, तिच्या वासात चहाचा वास मिसळायचा आणि थोरले कपात तीन चमचे साखर घालून मला गरागरा फिरवत बसायचे. ती किणकिण मला अजून आठवते.

जेवणानंतर माझी दुसरी पाळी. "चमचा आण गं, पित्त खवळलंय," असं ते बायकोला सांगायचे. मग माझ्यात पांढरं, घट्ट औषध ओतलं जायचं. थोरल्यांचं पित्त दोन्ही अर्थांनी खवळायचं, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटायचं नाही. चोपन्नाव्या वर्षी, भर दुपारी, औषध घेऊन ते खुर्चीत टेकले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, पित्तानं गेले.

त्यांचे चिरंजीव, मधले, गादीवर आले. त्यांना साखरेचा आजार निघाला. घरच्यांनी चहातली साखर बंद केली, पण ते कारखान्यात मला हाताशी धरून चोरून घालायचे आणि मी मुकाट्यानं साथ द्यायचो. त्याची मला आज लाज वाटते. बावन्नाव्या वर्षी तेही तसेच गेले. छातीत दुखलं नाही, नुसता घाम सुटला, जीव घाबरा झाला. त्यांच्या मुलानं, धाकट्यांनी, घाईघाईनं माझ्यातून औषध पाजलं. तेच शेवटचं.

"आमच्या घराण्यातच पित्त आहे," असं मग घरचे सांगू लागले, तेही जरा कौतुकानं, नाकाच्या ठेवणीबद्दल सांगावं तसं. धाकट्यांकडे कारखाना आला, साखर आली आणि मीही आलो.

गेल्या वर्षी एका दुपारी धाकटे एका जाड शब्दकोशाला पुठ्ठा चढवत होते. त्यांचा हात मध्येच थांबला. "अगं, चमचा बघ जरा. पित्त वर आलंय," ते लेकीला म्हणाले.

मी खणात नव्हतो. सकाळीच मागच्या फटीतून यंत्राखाली पडलो होतो. लेकीनं सगळा खण उपसला.

"नाही हो सापडत, बाबा."

"असा कसा नाही? माझ्या आजोबांपासून तिथंच असतो तो!"

लेक थबकली. "तुमच्या वडिलांनीही शेवटी हाच चमचा मागितला होता ना?" तिनं त्यांचा हात धरला. हात गार पडला होता आणि घामानं चिंब होता.

"उठा, दवाखान्यात जाऊ."

"पित्तासाठी? लोक हसतील."

"हसू देत."

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

"पित्तानं."

"आणि आजोबा?"

"पित्तानंच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तो हृदयाचा झटका असणार. तुम्हाला आज तेच झालंय. साखर असली की कधी कधी छातीत दुखत नाही, कळतही नाही. आणि कुणाचं हृदय असा धक्का किती सोसतं, त्यात घराण्याच्या रक्ताचाही वाटा असतो. तो किती, हेच आम्ही शोधतोय. तुमचं रक्त द्याल?"

बापाच्या आधी लेकीनंच हात पुढे केला.

दोन महिन्यांनी यंत्र हलवलं, तेव्हा धाकट्यांना मी सापडलो. त्यांनी मला अंगठ्यानं पुसलं आणि ते ओक्साबोक्शी रडले. "बाबांच्या वेळीच का नाही हरवलास रे?" म्हणाले.

आता मी लेकीच्या टेबलावर, पेनांच्या मगमध्ये उभा असतो. ना साखर, ना औषध. ती किणकिण आठवली की जीव हळवा होतो, पण धाकटे समोर बसून पुस्तकं शिवताना दिसतात आणि मग बरं वाटतं.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. कुणी घामाघूम होऊन "चमचा दे" म्हणालं, तर एवढं करा. मला शोधू नका. आधी त्याचा हात धरून बघा.