ज्याच्या हातात मी, त्यालाच मत

तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या डाव्या दांडीवर सरबत सांडलं, शर्टाच्या बाहीने वरवर पुसलं आणि मला गुपचूप टेबलावर ठेवून दिलं. मी नाव घेत नाही. ज्याचं त्याला माहीत आहे. पण त्या गोड थेंबापायी एका बिचाऱ्या गेमची केवढी बदनामी झाली, ते ऐकल्यावर तरी थोडी लाज वाटू द्या.

मी एक कंट्रोलर बोलतोय. गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. अंगठ्यांसाठी दोन दांड्या, बाकी सगळी बटणं. डावी दांडी जिकडे झुकवाल, तिकडे पडद्यावरचा नायक चालतो.

कारखान्यात माझी पहिली ओळख झाली ती एका अंगठ्याशी. तिथे एक बाई दिवसभर एकच काम करायची. प्रत्येकाची दांडी गोल फिरवायची, सोडायची आणि ती बरोबर मध्ये येऊन थांबते का ते बघायची. मी थांबलो. "चल, पळ," असं म्हणून तिने मला खोक्यात टाकलं. सोडलं की मध्ये यावं, हा आमच्या कुळाचा धर्म. तो मी पुष्कळ वर्षं पाळला.

खोकं उघडलं ते ताईने. तिच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं, ते तिने गेमरूम केलं. कपडे घालून बघायचा उंच आरसा अजून भिंतीवर आहे. समोर मोठा पडदा, एक दबलेला सोफा आणि आपोआप मिटणारं स्प्रिंगचं दार. त्या दाराला पाठ लावून शेजारचे सलूनवाले काका रोज उभे असतात. एक डोळा आमच्या पडद्यावर, दुसरा आपल्या दुकानावर. आत येऊन बसत नाहीत. "गिऱ्हाईक आलं तर?" म्हणतात.

गेमरूममध्ये खेळणारे थोडे आणि बोलणारे फार. एकदा वेल्डर आणि प्रोफेसर असे भांडले की कुणाचंच काही ऐकू येईना. वेल्डर खराच वेल्डर आहे. प्रोफेसर हे मात्र टोपणनाव. तो कॉलेजात शिकतो आणि प्रत्येक गेमबद्दलची लोकांची मतं खेळण्याआधीच वाचून येतो. शेवटी ताईने मला उचललं.

"आजपासून हा ज्याच्या हातात, त्यालाच मत. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं."

नियम सगळ्यांना आवडला. तो फक्त मलाच, पाठीवर निळी चिकटपट्टी असलेल्या याच कंट्रोलरला, लागू झाला. पुढे ताईने नवा कंट्रोलर आणला, तर त्याला कुणी हात लावेना. तो हातात घेऊन दिलेलं मत म्हणे मोजायचं नाही. बिचारा खणात पडून राहिला.

मला मात्र माणसं कळू लागली. मत देताना माणूस मला खेळतानापेक्षा घट्ट धरतो. वाचलेलं मत आपलं म्हणून सांगताना प्रोफेसरच्या तळव्यांना घाम येतो. वेल्डरचा हात खरखरीत, पण बटण हळू दाबतो. आणि सिस्टर. इस्पितळातली पाळी संपवून त्या येतात, हाताला औषधी साबणाचा वास. त्या मत देतच नाहीत. नुसत्या खेळतात.

एका गेमचा पहिला भाग त्यांनी माझ्यासोबत पूर्ण केला. गोष्ट अंतराळातल्या एका मोडक्या तळाची. त्यात लढायचंही असतं आणि ठरवायचंही: कुठलं कौशल्य वाढवायचं, कुणाला सोबत घ्यायचं, कुणाला मागे ठेवायचं. सिस्टरांच्या सोबतीला एक चौकोनी यंत्रमानव होता. त्याला त्या ठोकळ्या म्हणायच्या. शेवटी तळ कोसळताना कुणीतरी दार उघडं धरायला हवं होतं. ठोकळ्याने धरलं. सगळे निसटले, तो राहिला. सिस्टरांनी मला बराच वेळ मांडीवर तसंच ठेवलं होतं.

पुढे कित्येक वर्षांनी दुसरा भाग आला. तुम्ही पहिल्या भागात काय केलंत ते त्याला आठवतं, असं वेष्टनावरच छापलं होतं. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे ठोकळ्याचं काय झालं ते कळेल," त्या म्हणाल्या.

ताई म्हणाली, "कळेल, पण गेम इथे टिकला तर. लोकांना नाही आवडला तर रविवारी मी तो दुकानदाराला परत देणार. रविवारनंतर तो परत घेत नाही."

आणि मग मतं सुरू झाली.

"पहिल्यात बंदूक आपल्या हाताने जोडायला लागायची," वेल्डर म्हणाला. "यात आयती मिळते. आयतं खाऊन कुणाचं अंग भरलंय?"

"संवाद बाळबोध आहेत," प्रोफेसर म्हणाला. माझी पाठ ओली झाली.

"कुठले संवाद?" ताईने विचारलं. "अजून पुलापलीकडे कुणी गेलंय का?"

मुद्दा तोच होता. सुरुवातीलाच दरीवर एक अरुंद पूल आहे. त्यावरून जायचा अवकाश, की नायक डावीकडे सरकायचा आणि खाली पडायचा. प्रत्येकाचा. वेल्डर पडला, प्रोफेसर पडला, सिस्टर तर रोज पडत होत्या.

"ढिसाळ काम आहे," असं ठरलं. "नुसता पैसा ओतलाय, मन नाही ओतलं," असंही ठरलं. दारातून सलूनवाले काका रोज विचारायचे, "गेला का पलीकडे?" आणि पडद्याकडे बघून आपणच म्हणायचे, "नाही गेला."

मी काय बोलणार? सरबत माझ्या पोटात वाळलं होतं. दांडी सोडली तरी मध्ये येत नव्हती, केसभर डावीकडे झुकलेली राहायची. मला ओरडून सांगायचं होतं, अरे, ही सगळी मतं माझ्याबद्दलची आहेत. दुसरा भाग तर तुम्ही अजून पाहिलासुद्धा नाही. पूल न ओलांडता पलीकडच्या गावाला नावं ठेवणाऱ्यांची मला तेव्हापासून चीड आहे. पण मी ज्याच्या हातात त्याला मत. मला स्वतःला थोडंच?

रविवार उजाडला. मी हातोहात फिरलो. वेल्डरने परत द्या म्हटलं. प्रोफेसरने तेच जरा जड शब्दांत म्हटलं. ताईने परत द्यायला गेमची डबी बाहेर काढून ठेवली. शेवटी मी सिस्टरांकडे आलो.

"बोला, सिस्टर," ताई म्हणाली.

"मला नाही बोलायचं."

"नियम आहे. हातात आलाय, तर मत द्या."

सिस्टर सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी चिडल्या. "मत, मत, मत. अहो, मला खेळायचंय. तो तिकडे दार धरून उभा आहे का मेला, एवढंच मला बघायचंय. घ्या तुमचं मत." आणि त्यांनी मला स्टुलावर ठेवून दिलं.

पडद्यावर नायक पुलाच्या तोंडाशी उभा होता. मला कुणाचाच हात लागलेला नव्हता. नायक सावकाश निघाला, डावीकडे सरकला आणि शांतपणे दरीत पडला.

नायक परत उभा राहिला. परत निघाला. परत पडला.

"ताई," वेल्डर हळूच म्हणाला, "खणात तो दुसरा आहे ना?"

नवा कंट्रोलर आला. सिस्टरांनी दांडी पुढे केली आणि नायक नाकासमोर चालत पलीकडे गेला. ताईने डबी उचलून फळीवर ठेवली, ती परत द्यायची नाही अशा बेताने, अगदी मागे.

पुढचे कित्येक दिवस सिस्टर खेळत होत्या आणि बाकीचे गप्प बसून बघत होते. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. बंदुका आयत्या होत्या हे खरं, पण त्या कुणावर रोखायच्या हे ठरवताना वेल्डरलाही घाम फुटला. संवाद ऐकून प्रोफेसर दोनदा मोठ्याने हसला, आणि ते हसू कुठे वाचलेलं नव्हतं.

मी आता निवृत्त आहे. तार काढून मला आरशाखालच्या फळीवर ठेवलंय. खेळायला नवा, बोलायला मी. आणि ताईने नियमाला शेपूट जोडलंय: पूल ओलांडल्याशिवाय मला उचलायचं नाही. मला आणखी काही नको. तुम्हीही कशाला नावं ठेवायच्या आधी एकदा हातातली दांडी सोडून बघा. ती मध्ये येते का?

तर काल सिस्टर त्या मोडक्या तळावर पोहोचल्या. ठोकळ्या होता. वेलींनी वेढलेला, गंजलेला, दोन्ही हातांनी तेच दार उघडं धरून उभा. पडद्यावर अक्षरं उमटली, ती सिस्टरांनी मोठ्याने वाचली: "तुम्ही आलात. आत या."

"सांधे धरलेत त्याचे," वेल्डर म्हणाला. "ग्रीस लागेल."

ताईने मला उचलून सिस्टरांच्या हातात दिलं. आता तरी मत हवंच होतं सगळ्यांना. सिस्टरांनी मला घट्ट धरलं, डोळे पुसले आणि मत न देताच मला फळीवर ठेवून नवा हातात घेतला.

तेव्हा दारातून सलूनवाले काका म्हणाले, "मलाही कुणीतरी आत या म्हणा की. इतकी वर्षं दार धरून मीही उभाच आहे."