पितळी खांबाशी

मिर्ताला पोहायला जायला सांगितलं होतं डॉक्टरांनी. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून, वरच्या फळ्यांवरून खोकी काढून काढून तिचे खांदे आखडले होते. ती दोनदा तलावावर गेली आणि दोन्ही वेळा नाकातोंडात पाणी जाऊन वैतागून परत आली. तिसऱ्या वेळी ती तलावापर्यंत पोचलीच नाही. पिचिंचा नावाच्या जुन्या वस्तीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांवरून जात असताना एका तळमजल्यावरच्या काचेतून तिला एक बाई दिसली.

बाई तिच्याच वयाची, म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, डोळ्यांवर चष्मा. समोर छतापर्यंत गेलेला पितळी खांब. तो तिनं दोन्ही हातांनी धरला, घोट्यांमध्ये पकडला, आणि जिना चढावा तशी ती वर गेली. वर गेल्यावर मांड्यांमध्ये खांब दाबून निवांत बसली, दोन्ही हात सोडले आणि सरकलेला चष्मा नीट केला.

मिर्ता तिथेच उभी राहिली. पोहण्याची पिशवी खांद्यावरून घसरली तेही तिला कळलं नाही.

घरी जेवताना तिनं आईला सांगितलं. तिची आई एल्बा, सगळ्यांची 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, वय ब्याऐंशी, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

"पिचिंचात?" आईनं काटा खाली ठेवला. "त्या कोठ्यांच्या गल्लीतून माझे वडील मला भर दुपारीसुद्धा जाऊ देत नव्हते. आणि तू जाऊन तिथे खांबाला लोंबकळणार?"

"आई, आता तिथे बायका व्यायामाला येतात. पुरुषही येतात."

"पुरुष तर तेव्हाही यायचे!" म्हातारी म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसली.

तिथली शिकवणारी आइलेन. तिशीही न गाठलेली, बारीक, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. सगळे तिला 'प्रोफे', म्हणजे मास्तरीणबाई, म्हणत. पहिल्या दिवशी मिर्ता उत्साहानं खांबाकडे निघाली, तर आइलेननं तिला अडवलं.

"अंगठी काढ. घड्याळ काढ. हाताला काय लावलंयस?"

"क्रीम. सवयच आहे, दुकानातली."

"मग आज धरून बघ, म्हणजे पुन्हा लावणार नाहीस."

मिर्तानं खांब धरला, पाय उचलले आणि पावावरून लोणी घसरावं तशी सरळ गादीवर येऊन बसली. सगळे हसले, तीही हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो शेजारच्या खांबावरचा दारिओ. शहरातल्या बसचा ड्रायव्हर, टक्कल पडलेला, शंभर किलोंच्या आसपासचा गडी. वीस वर्षं सीटवर बसून कंबर धरली म्हणून आलेला.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "मी पहिल्या दिवशी पडलो तेव्हा खालच्या मजल्यावरचे बघायला आले असते. नशीब, खाली मजलाच नाही."

आइलेनच्या वर्गात घाई नव्हती. आधी मनगटं, खांदे, पाठ गरम करायची. मग खांब स्पिरिटनं पुसायचा. मग ती स्वतः खांबाला लटकून, झटके देऊन तो हलत नाही ना ते बघायची, आणि हे रोज, आदल्या दिवशी बघितलेलं असलं तरी. जाड गादी जागेवर आली की मगच कोणी वर. दमलेल्या माणसाला ती चढू देत नसे. "शेवटचं एकदा करते," असं कोणी म्हटलं की ती म्हणायची, "शेवटचं मघाशीच झालं तुझं. पाणी पी."

हिवाळाभर मिर्ता शिकली. मांड्यांच्या आतल्या बाजूला निळे डाग पडले. ते बघून आई म्हणाली, "कोण मारतं तुला?" आणि मग गुपचूप बर्फ काढून दिला. हळूहळू मिर्ता चढायला लागली, वर बसायला लागली. दुकानातली खोकी हलकी झाली. एके दिवशी वर बसून तिनं दोन्ही हात सोडले आणि खालून दारिओनं अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचं कुत्रं आत आलं.

पण तिला उलटं व्हायचं होतं. डोकं खाली, पाय वर, खांबाला पायांची अढी, हात मोकळे. दारिओ ते शिकायला लागला होता. मिर्तानं विचारलं की आइलेन म्हणायची, "अजून नाही. पोट आणि खांदे अजून तयार नाहीत."

"माझ्यापुढे किती वर्षं आहेत असं वाटतं तुला?" मिर्ता एकदा चिडून म्हणाली.

"मान धड राहिली तर बरीच," आइलेन म्हणाली आणि पुढच्या खांबाकडे गेली.

सप्टेंबरात एकदा पाण्याचे बुधले घेऊन माणूस आला आणि दार उघडायला आइलेन बाहेर गेली. मिर्तानं खांब धरला, जोरात लाथ मारली आणि पाय वर फेकले. पाय वर गेले खरे, पण अढी बसलीच नाही. तळहात घामानं ओले झालेले. क्षणभर तिला छत दिसलं, मग स्वतःचे गुडघे, आणि मग ती डोक्यावर घसरायला लागली. दारिओनं झेप घेऊन तिच्या खांद्यांखाली हात घातले. तरी मान एका बाजूला मुरगळली आणि ती गादीवर आडवी झाली.

आइलेन आत आली. ओरडली नाही. गुडघ्यांवर बसून तिनं मिर्ताला बोटं हलवायला लावली, पायाचे पंजे हलवायला लावले, मुंग्या येतात का ते विचारलं, आणि डॉक्टरला दाखवेपर्यंत मान हलवू दिली नाही. हाड शाबूत होतं. आठवडाभर मात्र मिर्ताला कुणी हाक मारली की सगळं अंग वळवून बघावं लागत होतं.

बरी होऊन ती माफी मागायला गेली तेव्हा आइलेननं कॉलर बाजूला करून गळ्याच्या खालचा पांढरा व्रण दाखवला.

"एकोणीस वर्षांची होते. मैत्रिणीच्या घरी, खांब प्लास्टरच्या छताला ठोकलेला. मी उलटी, आणि खांब छतासकट खाली आला. आत हाडाला अजून धातूची पट्टी आहे. दोन वर्षं हात डोक्याच्या वर गेला नाही. तेव्हा आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं, आम्ही व्हिडिओ बघून शिकत होतो." तिनं कॉलर सरळ केली. "म्हणून मी सांगते. तुला वाटतं मी तुझी हौस मारते. मला तू सत्तराव्या वर्षीही वर चढायला हवीयस."

मिर्तानं मान डोलावली. एवढ्याशा मुलीनं दोन वर्षं वाया गेल्याचा राग धरला नव्हता. त्यातून एक वर्ग उभा केला होता, आणि त्या वर्गात आजवर कुणाचं हाड मोडलं नव्हतं.

"आता महिनाभर तू खाली उभी राहा," आइलेन म्हणाली. "दारिओला सांभाळायचं."

"त्याला? तो पडला तर माझी पोळी होईल!"

"त्याला झेलायचं नसतं. मान वाचवायची असते. शिकवते."

मिर्ताला आधी ती शिक्षा वाटली. पण चार-पाच दिवसांत तिचं मत बदललं. एक हात खांद्याच्या पात्यावर, दुसरा कमरेशी. ओढायचं नाही, मिठी मारायची नाही, नुसतं आहोत हे कळू द्यायचं. नजर पायांवर नाही, मानेवर. आणि हळू आवाजात बोलत राहायचं, कारण उलट्या माणसाला डावं-उजवं कळत नाही. खालून बघताना तिला दारिओ वेगळाच दिसला. वर असताना तिनं नुसती त्याची टर उडवली होती. आता त्याच्या पोटरीचा स्नायू ताणला जाताना, श्वास रोखला जाताना, मग सुटताना ती बघायची. एवढा थोराड माणूस, पण पाय खांबाला असे लावायचा की जणू झोपलेल्या पोराला पांघरूण घालतोय. हे सौंदर्य तिला लांबून कधीच दिसलं नसतं. महिना संपला तरी ती म्हणाली, "राहू दे, मीच उभी राहते त्याच्यापाशी."

डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, वर्षअखेरचा कार्यक्रम होता, वस्तीतल्या क्लबच्या मोठ्या खोलीत. दिव्यांचा परिणाम यावा म्हणून खिडक्यांना काळी कापडं लावलेली. बाहेर ऊन आणि आत भट्टी. पंखे नुसतीच गरम हवा फिरवत होते. पहिल्या रांगेत दोन्या एल्बा वारा घेत बसली होती. मागे दारिओच्या डेपोतले सात-आठ ड्रायव्हर.

"काय रे दारिओ," त्यांतला एक ओरडला, "बसमधले दांडे पुरेनात का?"

दारिओनं त्याला वाकून नमस्कार केला. मग मिर्ताकडे बघून कुजबुजला, "तू स्टेजवर उभी राहिलीस तर लोक म्हणतील दोघांचा नाच आहे."

"म्हणू दे," मिर्ता म्हणाली. आइलेनची अटच होती. नवा माणूस उलटा होणार असेल तर खाली गादी आणि गादीशी माणूस. बघायला बरं दिसतं का, हा प्रश्न नाही.

संगीत सुरू झालं. दारिओ चढला. ड्रायव्हर हसत होते, पण तो वर बसून एका हातावर कलला तेव्हा हसणं थांबलं. तो मागे झुकला, पायांची अढी घातली, घट्ट केली, आणि हळूहळू दोन्ही हात सोडले. त्याचं डोकं मिर्ताच्या छातीच्या उंचीवर आलं. हात पसरून तो तसा लटकला, डोळे मिटून.

आणि वीज गेली.

संगीत तुटलं, पंखे थांबले. काळ्या कापडांनी इतका गच्च अंधार झाला की स्वतःचा हात दिसेना. कुणीतरी किंचाळलं. खुर्ची पडली.

"मिर्ता!" दारिओचा आवाज बदलला होता. "जमीन कुठे आहे?"

"तुझ्या डोक्याखाली. आणि मध्ये मी आहे."

तिचा हात आधीच त्याच्या पाठीवर होता. पाठ घामानं निथळत होती आणि ती बोट-बोट खाली सरकत होती.

"मी घसरतोय."

"कळतंय मला. गुडघे सोडू नकोस. उजवा हात वर आण. नाही, माझ्या आवाजाकडे. हां. खांब सापडला?"

"सापडला."

"आता डावा. दोन्ही घट्ट? आता घसर, पण हळू. मी मानेशी आहे."

मागून कुणीतरी फोनचा दिवा थेट त्याच्या डोळ्यांवर मारला. दारिओ दचकला, त्याचा भार तिच्या हातावर आला. मिर्ताच्या खांद्यातून कळ गेली. तिनं ओढलं नाही, मिठी मारली नाही. त्याच्या खांद्याचं पातं खांबाच्या बाजूला दाबून धरलं आणि बोलत राहिली.

"दिवे जमिनीवर!" अंधारातून आइलेन गरजली, आणि सगळे दिवे एकदम खाली वळले.

"गादी हाताला लागली?" मिर्तानं विचारलं.

"लागली."

"दुसरा हातही टेक. हनुवटी छातीशी. आता पाय सोड."

दारिओ गोल होऊन गादीवर आला आणि तसाच पसरून राहिला. "मी जिवंत आहे," तो म्हणाला, आणि मग त्या उकाड्यात ज्या टाळ्या वाजल्या त्या थांबेचनात. मघाचा ड्रायव्हर पुढे येऊन मिर्ताला म्हणाला, "बाई, आमच्या डेपोत याल का? आमची पोरं वळणावरसुद्धा असं ऐकत नाहीत."

वीज काही आली नाही. एका मुलीची आई म्हणाली की फोनच्या उजेडात पुढचं करूया, पोरींनी वर्षभर तयारी केलीय. आइलेन म्हणाली, "मलाही वाईट वाटतंय. पण अंधारात माझ्याकडे कुणी वर चढणार नाही." बाई रुसल्या. आइलेन बधली नाही. राहिलेला कार्यक्रम पुढच्या शनिवारी ठरला आणि सगळे एम्पानादांचे, म्हणजे तिकडच्या तिखटमिठाच्या करंज्यांचे, डबे घेऊन फुटपाथवर आले, झाडाखाली, खुर्च्या मांडून. मिर्ता खांदा चोळत होती. दारिओ तिच्याशेजारी बसला आणि त्यानं आपला थंड पाण्याचा ग्लास तिच्या खांद्याला लावून धरला.

दोन्या एल्बानं आइलेनला जवळ बोलावलं.

"पोरी, तुझा कार्यक्रम मला दिसला नाही. पण ऐकू आला. चांगला होता."

मार्चमध्ये वर्ग पुन्हा सुरू झाले. ऊन उतरलं होतं, पितळ हाताला गार लागत होतं. आइलेननं मिर्ताला खांबाला लटकून गुडघे छातीशी घ्यायला लावले, मग पुन्हा, मग सावकाश. तिनं बराच वेळ बघितलं. मग दारिओला म्हणाली, "ये इकडे. आज तू खाली."

मिर्तानं श्वास घेतला. या वेळी लाथ मारली नाही. पोट आवळलं, कंबर वर उचलली, आणि पाय आपणहून वर गेले. खांब गुडघ्याच्या मागे येऊन बसला. तिनं अढी घट्ट केली, थांबली, तपासली. पाठीवर दारिओचा रुंद तळहात होता.

"डावा हात सोड," तो हळूच म्हणाला. "आहे मी."

तिनं डावा सोडला, मग उजवा. रक्त डोक्यात आलं, कान गरम झाले. खोली उलटी झाली होती. खिडकीतून रस्त्यावरची झाडं आकाशात उगवलेली दिसत होती आणि त्यांच्यावरून माणसं डोक्यावर चालत होती. कुणी घाई करत नव्हतं. ती तशीच राहिली, आइलेन "बस, आता ये," म्हणेपर्यंत, आणि जसं शिकवलं होतं तसं, हात टेकवून, हनुवटी छातीशी घेऊन खाली आली.