मुक्कामाची पाहुणी

"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात, शैलजा?" योहानाबाईंनी विचारलं तेव्हा शैलजाताई चक्क पेंगत होत्या. पेंगतील नाही तर काय! लेकीचं तान्हं बाळ रात्रभर जागवायचं. अमेरिकेतल्या या अल्फारेटा गावच्या लायब्ररीतला इंग्रजी बोलायचा वर्ग, एवढाच काय तो आठवड्यातला विसावा.

आज प्रत्येकीने आपल्या भाषेतला एक शब्द आणायचा होता. वर्ग घेणाऱ्या योहानाबाई मूळच्या हॉलंडच्या. त्यांनी 'लोझे' आणला. शब्द फ्रेंचांचा, पण डचांनी तो उचलून पार घरचा करून टाकलेला. पुरुष असेल तर शेवटच्या 'ई' अक्षरावर तिरकी रेघ, बाई असेल तर रेघ जाऊन दोन 'ई'. उच्चार दोन्हीकडे तोच. अर्थ, घरी राहायला आलेला माणूस. नुसता चहा पिऊन जाणारा नव्हे.

"मुक्कामाचा पाहुणा," शैलजाताई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हीसुद्धा लोझेच की, दोन ईवाल्या! आमच्याकडे तिला काडी हलवू देत नाहीत हं."

शैलजाताई कसनुसं हसल्या. पाहुणी म्हणे! बाळंतपणाला आल्या त्या दिवसापासून पोळ्या, डायपर, भांडी, आणि कंबरेचा पार भुगा. पण शनिवारी परतीचं विमान होतं. सहा महिने लेकीची आई, पुढचे सहा महिने जावयाची आई, अशी इथल्या मराठी घराघरांत आज्यांची ड्यूटी लागते. विहीणबाई येणार आणि आपण सुटणार, याच आशेवर त्या दिवस ढकलत होत्या.

संध्याकाळी ज्ञानदा ऑफिसमधून आली ती तोंड पाडूनच.

"आई, सासूबाईंचा व्हिसा रिजेक्ट झाला."

"अगं बाई! मग आता?"

"डेकेअरला वेटिंग आहे. माझी रजा संपली. आम्ही तुझं तिकीट कॅन्सल केलंय, तुझ्या मुक्कामाचं एक्स्टेन्शन फाइल करतोय. प्लीज, आई."

"मला न विचारता?" शैलजाताईंचा आवाज चढला. "दमले गं मी! मला माझ्या घरी जायचंय. बाबा तिकडे एकटे आहेत."

ज्ञानदाला रडू फुटलं. तिचं ऐकून बाळानेही सूर लावला. शैलजाताईंना राग आला होता, चांगलाच आला होता; पण पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसत होती. त्यांनी बाळाला उचललं. "रडू नकोस. आधी जेवून घे."

मग कॉलिंग कार्ड वापरून त्यांनी नागपूरला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं.

"अहो, मी शनिवारी निघत नाहीये. आणखी सहा महिने राहावं लागेल."



"बरं," मोरेश्वरराव म्हणाले. "सोमवारपासून डबा नको म्हणून सांगितलं होतं त्या डबेवाल्या बाईंना. आत्ताच जाऊन सांगतो, चालू राहू दे म्हणून."